कालवा वर, नदी खाली आणि मधली थडी

मार्च महिन्यात बारामतीकडे नीरा डाव्या कालव्याच्या भरावावर उभं राहिलं की एका नजरेत तीन रंग दिसतात. पाठीमागे, कालव्याच्या वरच्या अंगाला, कुसळं वाळलेलं पिवळं माळरान. समोर नदीपर्यंत उतरत गेलेला हिरवा ऊस. आणि त्या हिरव्यात मधेच, कुणाच्या हातून पीठ सांडावं तसे पांढरे चट्टे. चट्ट्यांतला ऊस गुडघ्याएवढा. काही ठिकाणी तोही नाही, नुसती हरळी.

दोन्ही शेतांना पाणी एकाच चारीचं, बेणं एकाच मळ्यातलं, खताची गोणी एकाच दुकानातली. मग बांधाला बांध लागून असलेल्या दोन तुकड्यांत एवढा फरक पडतो कसा? पिकाकडे बघून याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी कालव्यापासून नदीपर्यंत चालत जावं लागतं, आणि वाटेत कुणी विहीर खणत असेल तर तिच्या काठावर थांबून आत डोकवावं लागतं. नव्या विहिरीची भिंत हे मातीचं सगळ्यात प्रामाणिक पुस्तक आहे.

आधी थडीबद्दल. नीराथडी, भीमथडी, गंगथडी हे शब्द आपल्याकडे जुने आहेत. भीमथडीची तट्टं तर इतिहासात गाजलेली. थडी म्हणजे नदीकाठचा मुलूख. पण ‘नदीकाठ’ म्हटल्यावर दर पावसाळ्यात पूर येतो, ताजा गाळ बसतो आणि ओली मळई तयार होते, असं जे चित्र डोळ्यांपुढे येतं ते इथे बहुतेक जागी लागू पडत नाही. नीरा, भीमा, घोड, प्रवरा या नद्या आज कितीतरी ठिकाणी आजूबाजूच्या शेतांच्या दहा-पंधरा मीटर खालून वाहतात. काठाला उभी दरड आणि दरडीच्या वर सपाट शेती. ही सपाटी नदीनेच केलेली, पण आता नदीने सोडून दिलेली. एक पायरी वर राहिली आणि नदी खालच्या पायरीवर उतरली.

असं का झालं? सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, आपल्याकडचा मान्सून अशक्त होता. डोंगरावरून निघालेला गाळ वाहून नेण्याइतकं पाणी नद्यांत नव्हतं. गाळ वाटेतच बसत गेला आणि खोरी भरत गेली. पुढे दहा-बारा हजार वर्षांपूर्वी पावसाने जोर धरला. नद्यांना ताकद आली आणि त्यांनी आपल्याच गाळात खोल चर कापला. त्या चरातून त्या आजही वाहतात. वर राहिलेल्या गाळाच्या कडा मग पावसाने कुरतडल्या. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी घळींचं जे जाळं दिसतं ते त्यातूनच झालेलं. आता त्यातल्या बऱ्याच घळी यंत्रं लावून सपाट केल्या गेल्या आहेत. त्याचा परिणाम पुढे येईलच.

म्हणजे ही पायरी नदीची असली तरी कोरडी आहे. क्वचित एखादा महापूर सोडला तर नदी वर येत नाही, नवा गाळ देत नाही आणि मातीतलं काही धुऊनही नेत नाही. राहिला पाऊस. नीरेचा उगम सह्याद्रीत, भोरच्या बाजूला, तिथे पाऊस धो धो कोसळतो. पण बारामती-फलटणकडे येईपर्यंत तो वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास उरतो. आणि इथलं ऊन-वारं मिळून वर्षभरात जमिनीतून दीड हजार मिलिमीटरहून जास्त पाणी उडवून नेऊ शकतं. पाण्याचा हा हिशेब मुळातच तुटीचा. तुटीच्या हिशेबात पाणी खाली झिरपून निघून जात नाही. ते काही फूट उतरतं आणि पुन्हा वर येऊन उडतं.

याचा मातीवर काय परिणाम होतो, ते विहिरीच्या भिंतीत दिसतं. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, झिजतो तेव्हा त्यातून चुना, मॅग्नेशियम आणि सोडियम सुटतात. कोकणात हे सगळं पावसाबरोबर समुद्राला जातं. इथे ते जायला पाणीच पुरत नाही. चुना सगळ्यात आधी थबकतो आणि गोळे होऊन बसतो. तीच चुनखडी. भिंतीत दोन-चार फुटांखाली वाटाण्याएवढे, कुठे लिंबाएवढे पांढरट खडे दिसायला लागतात. सोडियमचे क्षार जास्त विरघळणारे, म्हणून ते आणखी खाली, दीड-दोन मीटरवर जाऊन मुक्काम करतात. कालवा यायच्या आधी हजारो वर्षं हे असंच चाललं होतं. वरच्या दोन फुटांत गोड काळी माती आणि तळघरात मीठ. ज्वारीची मुळं तळघराच्या दारापर्यंत जात, भागेल तेवढं पाणी पीत आणि कुणाच्या काही लक्षात येत नसे.

आता भरावावरून खाली उतरू.

पहिला पट्टा मुरमाड. हातभर माती, खाली पिवळसर-तांबूस मुरूम. इथे पाणी दिलं की कुठे गेलं ते कळत नाही. चारीत पाणी वाहतं, वाफा भरतो आणि तासाभरात शोषला जातो. इथल्या शेतकऱ्याची तक्रार नेहमी एकच, पाणी पुरत नाही. पण जमीन बिघडल्याची तक्रार तो कधी करत नाही. कारण त्याच्या शेतातून गेलेलं पाणी बिघाड करतं ते खालच्याच्या शेतात.

दुसरा पट्टा मध्यम काळीचा. याच्याबद्दल फार बोलायचं कारण नाही. दोन-अडीच फूट माती, खाली मुरूम, पाणी धरतेही आणि सोडतेही. ज्याच्या वाट्याला हा पट्टा आला त्याने देवाचे आभार मानावेत.

तिसरा पट्टा म्हणजे खरी काळी. उतार संपून पायरीची सपाटी जिथे सुरू होते तिथला पट्टा. माती आठ-दहा फूट, कुठे जास्तही. उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा. ओली झाली की बैलाचा पाय निघत नाही. पांढरे चट्टे दिसतात ते बहुतांशी इथे. चौथा आणि शेवटचा पट्टा दरडीच्या काठाचा. इथली माती किंचित पिवळसर, पोयटायुक्त, खाली वाळू-गोट्याचे थर. ती सहसा चांगली राहते.

नवख्या माणसाला हे उलटं वाटतं. त्याला वाटतं, नदीला लागून असलेली जमीन पाण्याने बिघडत असेल. प्रत्यक्षात बिघडते ती मागची, नदीपासून लांबची, उताराच्या पायथ्याची. कारण सोपं आहे. दरडीच्या काठाला पाण्याला सुटायला वाट आहे. खालच्या वाळूच्या थरातून ते दरडीत पाझरतं आणि नदीला मिळतं. मागच्या काळीला तशी वाट नाही. वरच्या मुरमातून आलेलं पाणी इथे येऊन चिकणमातीच्या भिंतीवर आदळतं. मुरूम म्हणजे चाळणी आणि काळी माती म्हणजे बूच. चाळणीतून येणारं पाणी बुचापाशी तुंबतं आणि वर चढायला लागतं. त्यात कालव्याची स्वतःची गळती, चाऱ्यांची गळती आणि रात्री दारं धरायला गेलेल्या माणसाला डुलकी लागली की वाहून जाणारं पाणी, हे सगळं मिळवायचं.

पाण्याची पातळी जमिनीखाली दीड-दोन मीटरच्या आत आली की गोष्ट हातातून जायला लागते. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी चढतं. तळघरातलं मीठ त्याच्याबरोबर वर येतं. पाणी उन्हाने उडून जातं आणि मीठ तिथेच राहतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पांढरा चट्टा म्हणजे ही रोजची शिल्लक.

आणि मीठ काही फक्त तळघरातूनच येत नाही, ते दाराने रोज आतही येतं. कालव्याचं पाणी आपल्याला गोड लागतं, पण पाण्यात थोडेफार क्षार असतातच. समजा एका लिटरमध्ये फक्त २०० मिलिग्रॅम आहेत, म्हणजे पाणी उत्तम आहे. उसाला पाटपाण्याने वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाणी दिलं, तर एकरी ते ८० लाख लिटरच्या वर जातं. गुणाकार केला की एकरी १६०० किलो क्षार होतात. ५० किलोची ३२ पोती, दर वर्षी, न मागता. विहिरीचं पाणी मचूळ असेल, लिटरला १००० मिलिग्रॅमवालं, तर हाच आकडा आठ टनांवर जातो. यातले सगळे क्षार घातक नसतात, बराच भाग चुना-मॅग्नेशियमचा असतो. पण ती पोती शेतात आली आणि गेली नाहीत, तर ती कुठे तरी साठणारच.

म्हणून या जमिनींबद्दल बोलताना मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो तो पाणी किती दिलं हा नाही, पाणी बाहेर कुठून जातं हा. आपण सगळी अक्कल पाणी आणण्यात खर्च केली. धरण, कालवा, उपसा, पाइपलाइन. पाणी जायची वाट कुणी मोजली नाही. सातबाऱ्यावर विहीर लागते, निचऱ्याचा चर लागत नाही.

इथे दोन शब्द नीट वेगळे करायला हवेत, कारण बोलताना आपण ते एकत्र करून टाकतो. खारवट आणि चोपण. दिसायला खारवट जमीन जास्त भयंकर. वर पांढरा थर, पायाखाली भुसभुशीत फुगलेली माती. चोपण जमीन दिसायला साळसूद, काळीभोर, कधी कधी शेजारच्या चांगल्या जमिनीपेक्षाही काळी. पण दोन्हींत चोपण वाईट.

का, ते समजायला काळ्या मातीच्या आत जावं लागेल. ही माती ज्या खनिजाची बनते त्याचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्रे असतात, पत्त्यांच्या कॅटसारखे एकावर एक रचलेले. दोन पत्त्यांच्या मधे पाणी शिरतं तेव्हा कॅट फुगतो, पाणी गेलं की आक्रसतो. उन्हाळ्यातल्या भेगा आणि पावसाळ्यातलं फुगणं दोन्ही यातूनच. या फुगण्या-आक्रसण्यात मातीचे ढेकळं एकमेकांवर इतके घासले जातात की खोदलं तर तीन-चार फुटांखाली पॉलिश केल्यासारखे चकचकीत तिरपे पृष्ठभाग सापडतात. माती स्वतःला आतून नांगरत असते म्हणायला हरकत नाही.

पत्त्यांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम हे धन भाराचे कण त्यांना चिकटून राहतात. कॅल्शियमला दोन हात, तो पत्ते घट्ट धरून ठेवतो. पत्ते धरले गेले की कणांचे गठ्ठे होतात, गठ्ठ्यांच्या मधे पोकळी राहते आणि पोकळीतून हवा-पाणी खेळतं. सोडियमला एकच हात, आणि तोही पाण्याने वेढलेला. त्याची संख्या वाढली की कॅट विस्कटतो. सुटे पत्ते पाण्यात तरंगतात, वाहत जाऊन पोकळ्यांत अडकतात आणि जमीन आतून लिंपल्यासारखी होते. मग वर दिलेलं पाणी आठवडाभर चहाच्या रंगाचं होऊन उभं राहतं आणि वाळल्यावर जमिनीवर कुऱ्हाडीने फुटेल असा पापुद्रा धरतो. मातीला चिकटलेल्या एकूण कणांत सोडियमचं प्रमाण १५ टक्क्यांवर गेलं की जमीन चोपण, अशी जगभरची मोजणी आहे. पण आपल्या फुगणाऱ्या काळ्या मातीत पाच-सहा टक्क्यांपासूनच निचरा मंदावायला लागतो. प्रयोगशाळेच्या कागदावर ‘मध्यम’ लिहून आलेली जमीन शेतात मात्र चोपणासारखी का वागते, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं.

आता खारवट जमिनीतली गंमत बघा. क्षार भरपूर असले की तेच क्षार सुट्या पत्त्यांना एकत्र राहायला भाग पाडतात. म्हणून खारवट जमिनीतून पाणी बऱ्यापैकी झिरपतं. मुळांना पाणी ओढता येत नाही ही तिची अडचण. माती समुद्रासारखी झालेली, पाणी असून तहान. पण निचरा करून धुतली तर ती सुधारते. मात्र नुसतं गोड पाणी भरून धुवायला गेलं आणि कॅल्शियम दिलं नाही, तर मोकळे क्षार निघून जातात आणि पत्त्यांना चिकटलेला सोडियम तसाच राहतो. खारवटाचं चोपण होतं. पांढरे चट्टे गेले म्हणून शेतकरी सुटकेचा श्वास टाकतो आणि पुढच्या वर्षी पाणी मुरेनासं होतं.

चुनखडीचाही यात एक आडवा खेळ आहे. इथल्या पाण्यात बायकार्बोनेट बरंच असतं. ते मातीतल्या कॅल्शियमशी जोडी जमवतं आणि चुना होऊन बसतं. कॅल्शियम असा बाजूला पडला की रिकाम्या जागी सोडियम येतो. म्हणजे शेतात चुना टनावारी असूनही मातीला कॅल्शियम मिळत नाही. तिजोरी भरलेली पण किल्ली नाही, अशी अवस्था. सामू (पीएच) आठच्या वर गेला की हा चुना विरघळत नाही, स्फुरद अडकून पडतो आणि लोह पिकाला मिळेनासं होतं. उसाची कोवळी पानं पिवळी-पांढरी पडतात. शेतकरी म्हणतो, केवडा पडला. हिराकस फवारला की पानं आठवडाभरात हिरवी होतात, पण त्याने केवडा गेला, कारण गेलं नाही.

घरच्या घरी करता येण्यासारखी एक तपासणी आहे. शंकेच्या जागेतून दीड-दोन फूट खोलीचं हरभऱ्याएवढं सुकं ढेकूळ घ्यायचं. काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घ्यायचं, नळाचं नको. ढेकूळ अलगद सोडायचं आणि ग्लास हलवायचा नाही. ते नुसतं फुटून तळाशी चुरा झाला आणि वरचं पाणी नितळ राहिलं, तर घाबरायचं कारण नाही. पण ढेकळाभोवती दुधासारखं वलय पसरत गेलं आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच राहिलं, तर पत्ते सुटले आहेत. मग त्याच ग्लासात चिमूटभर जिप्सम (चोपण जमिनीवर टाकतात ती कॅल्शियमची भुकटी) टाकून ढवळून बघावं. पाणी निवळलं, तर जिप्समचा उपयोग होणार हे डोळ्यांनी दिसतं. याने प्रयोगशाळेतली तपासणी टळत नाही. पण कुठला नमुना प्रयोगशाळेत न्यायचा ते कळतं, आणि तेही कमी नाही. वरच्या सहा इंचांचा नमुना नेऊन ‘सगळं ठीक’ असा कागद आणणारे कितीतरी आहेत. दोष तिसऱ्या फुटात असतो.

या सगळ्यात सगळ्यात नेमका शब्द आपल्याकडे आधीपासून आहे. वाफसा. पाणी आहे आणि हवाही आहे, अशी मातीची स्थिती. मुरमाड पट्ट्यात पाणी दिल्यावर वाफसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. खोल काळीत आठ-दहा दिवस लागतात. आणि कालव्याचं आवर्तन आलं की पुढचं कधी येईल याची खात्री नसते, म्हणून गडी वाफसा असो-नसो पाणी भरून घेतो. त्याला दोष कसा द्यायचा? पाळी चुकली तर ऊस वाळणार हे त्याला दिसतं. जमीन बुडते आहे हे दिसत नाही. हवा संपलेल्या मातीत मुळं गुदमरतात आणि टाकलेल्या युरियातलं नत्र वायू होऊन उडून जातं. मग पीक पिवळं दिसतं, म्हणून आणखी युरिया.

हे सगळं आज कळलंय असंही नाही. नीरा डावा कालवा सुरू झाला १८८५ च्या सुमारास, दुष्काळावरचा उपाय म्हणून. त्यानंतर २५ वर्षांच्या आत, १९१० मध्ये, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध करत होते. म्हणजे एक पिढी सरायच्या आत मीठ वर आलं होतं. त्याच्याही आधी, विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात अभियंता होते तेव्हा, त्यांनी ब्लॉक पद्धत आणली होती. शेताच्या एका हिश्शात ऊस, बाकीच्यात कमी पाण्याची पिकं आणि पुढच्या वर्षी फेरपालट. पाणी वाटायची सोय म्हणून आपण ती लक्षात ठेवली. पण मातीच्या बाजूने बघितलं तर तीत शहाणपण होतं. त्याच जागेवर वर्षानुवर्षं ऊस उभा राहिला नाही, तर मधल्या काळात पातळी खाली बसायला सवड मिळते.

१९१६ मध्ये मुंबई सरकारने शेतीच्या गरजेप्रमाणे सिंचनाच्या पद्धती सुधारण्यासाठी एक खास विभाग काढला. खडकवासल्याची आजची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था त्यातूनच वाढली. तिथले क्लॉड इंग्लिस यांनी दख्खनच्या कालव्यांखालच्या पाणथळ जमिनींवर बराच काळ घालवला. त्यांच्या कामातली सगळ्यात उपयोगी गोष्ट अगदी साधी. काळ्या मातीत कितीही चर खणा, तो मुरमाला टेकला नाही तर फुकट. पाणी वाहतं मुरमातून. चर मुरमात उतरला तरच बुचाला भोक पडतं. १९३२ मध्ये नीरेच्याच काठी पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झालं, आणि या मातींची प्रत लावण्याचं कामही त्या काळात तिथे झालं.

इतिहासात आणखी मागे जायचं तर घोड नदीकाठच्या इनामगावला जावं लागेल. शिरूर तालुक्यातल्या या गावी डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा पाट आणि बांध सापडला. थडीवर पाणी खेळवायची खटपट एवढी जुनी. ती माणसं मुख्यतः जव पिकवत. आज आपल्याला ठाऊक आहे की क्षार सोसण्यात जव सगळ्या धान्यांत वरच्या नंबरला आहे. मातीच्या क्षारतेचा आकडा आठ होईपर्यंत त्याचं उत्पन्न घटत नाही. उसाची घट १.७ पासून सुरू होते, कांद्याची १.२ पासून, घेवड्याची १ वर. (हा आकडा म्हणजे मातीच्या अर्काची विद्युत वाहकता, डेसिसायमन प्रति मीटरमध्ये. माती परीक्षणाच्या कागदावर तो असतो, पण बहुतेक प्रयोगशाळा पातळ द्रावणात मोजतात, तेव्हा तो बराच कमी दिसतो. कोणत्या पद्धतीने मोजला ते विचारून घ्यावं.) थडीच्या ज्या पट्ट्यात क्षार चढण्याची भीती सगळ्यात जास्त, तिथे आपण क्षार न सोसणारी पिकं सगळ्यात जास्त पाणी देऊन घेतो. यात बाजाराचा हिशेब आहे, तो मला कळतो. मातीचा हिशेब वेगळा आहे एवढंच.

अलीकडच्या तीन गोष्टींनी हा गुंता वाढवलाय. पहिली, नदीवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. बंधारा अडवला की उन्हाळ्यापर्यंत पात्रात पाणी उभं राहतं, मोटारी चालतात, सगळे खूश. पण दरडीतून नदीत पाझरणाऱ्या पाण्याला जो उतार मिळत होता तो तेवढ्याने कमी होतो. काठाचा चौथा पट्टा, जो आजवर सुरक्षित होता, तोही काही ठिकाणी ओलसर राहायला लागतो. दुसरी गोष्ट सपाटीकरण. बुलडोझरने वरची गोड माती खड्ड्यात जाते आणि तळघरातली चुनखडीची, सोडियमची माती उन्हाला येते. पाच वर्षं शेणखत घालूनही तिथे पीक उभं राहत नाही, आणि शेतकरी बियाण्याला शिव्या देतो. घळी सपाट करून केलेल्या जमिनींत हे हमखास. सपाट करायचंच तर वरची फूटभर माती आधी बाजूला ढीग करून ठेवावी आणि शेवटी परत पसरावी. डिझेल जास्त जातं, पण तेवढंच.

तिसरी गोष्ट ठिबक. ठिबक चांगलंच आहे, पाणी निम्म्यावर येतं, म्हणजे क्षारांची पोतीही निम्मी. पण ओल जिथे संपते त्या कडेला क्षार जमत जातात, दोन नळ्यांच्या मधे पांढरी रेघ दिसते. वळवाची पहिली सर आली की ती रेघ विरघळून थेट मुळांत उतरते. म्हणून मोठा पाऊस लागेपर्यंत, सर पडत असतानाही ठिबक चालू ठेवायचं असतं. शेजारी हसतात, हसू द्यावं.

उपाय काय, हे विचारलं की लोक जिप्समपासून सुरुवात करतात. क्रम उलटा आहे. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं, हे खरं. पण हुसकावलेला सोडियम पाण्यात विरघळून तिथेच उभा राहतो. त्याला बाहेर काढायला वाट नसेल तर उन्हाळ्यात तो पुन्हा आपल्या जागेवर. आधी वाट, मग जिप्सम, मग भरपूर पाणी देऊन धुणं, आणि त्यानंतर धैंचा-तागाचं हिरवळीचं खत किंवा साखर कारखान्याची मळी (प्रेसमड). मळी कुजताना आम्ल तयार होतं आणि बंद तिजोरीतला चुना थोडा थोडा विरघळायला लागतो. ज्या जमिनीत चुनखडी भरपूर आहे तिथे गंधकही हेच काम करतं.

वाट म्हणजे काय तर उघडे चर किंवा जमिनीत गाडलेले सच्छिद्र पाइप. चरात जमीन जाते आणि दोन वर्षांत तो बेशरमाच्या झुडपांनी आणि लव्हाळ्याने भरतो. म्हणून आता पाइप. साधारण मीटर-सव्वा मीटर खोल, गाळ शिरू नये म्हणून जाळीदार कापड गुंडाळलेले, शेतभर समांतर रांगांनी. काळ्या मातीत पाणी आडवं फार हळू सरकतं, त्यामुळे रांगा जवळ जवळ लागतात आणि खर्च वाढतो. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज संशोधन केंद्राने यावर बरंच काम केलंय. शिरोळ तालुक्यात साखर कारखान्याच्या पुढाकाराने गावंच्या गावं या पाइपांखाली आली आहेत. एकट्याने हे होत नाही, यात खरी मेख आहे. माझ्या शेतातल्या पाइपाचं तोंड तुमच्या बांधापाशी उघडणार, तुमचं त्याच्या, आणि शेवटचं नाल्यात. पाटाचं पाणी वरून खाली येताना प्रत्येक जण हक्क सांगतो. निचऱ्याचं पाणी आपल्या शेताखालून जायचं म्हटलं की भावकी आठवते.

पाइप बसल्यावर पहिल्या पावसाळ्यानंतर नाल्याच्या तोंडाशी पाणी धरून मोजतात तेव्हा ते शेतात दिलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट निघतं. तो आकडा वर्षागणिक उतरत गेला की समजायचं, तळघर रिकामं होतंय. पण ते मीठ नाहीसं झालेलं नसतं. ते नाल्यातून नीरेत जातं, नीरा नरसिंगपूरला भीमेला मिळते, आणि तिथून खाली पंढरपूरकडे जाताना दोन्ही काठांवर तेच पाणी उचलणाऱ्या मोटारी ओळीने लागलेल्या असतात.